तळाला बसलेली बी

बियासुद्धा चुरूचुरू बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. सगुणाक्काच्या परसात गावरान टोमॅटोचं एकच झाड उरलं होतं. बियाणं धरायला तिनं त्याचं सगळ्यात चांगलं फळ वाटीत पिळलं, पाणी घातलं आणि तीन दिवस आंबत ठेवलं.

वाटीत नुसती धांदल! प्रत्येक बीला उगवायची घाई. पोकळ बिया टुणकन वर आल्या. एक जाडी बी मात्र तळाला बसली, ती काही केल्या हलेना.

"ए जाडे, कुज तिथंच!" वरच्या ओरडल्या. "अक्का आधी आम्हालाच उचलणार!"

जाडीला रडू फुटलं. "अगं, मलाही उगवायचंय! कुणीतरी वर ओढा की!"

"तुझा भार कोण घेणार? आपलं आपण बघ!"

चौथ्या दिवशी शेजारची गिरजा नाक दाबून म्हणाली, "शी! काय हा वास! ओतून टाका सगळं."

"सगळं कशाला? तरंगतं तेवढं फोल," म्हणत अक्कानं वाटी हळूच कलती केली.

"चाललो गं आम्ही!" वरच्या बिया मिरवत निघाल्या, त्या थेट उकिरड्यावर.

जाडीनं भीतीनं डोळे मिटले. पण तिच्यावर स्वच्छ पाणी पडलं आणि अंगाचा बुळबुळीतपणा सुटला. ती उन्हात वाळली, वाफ्यात पडली आणि सातव्या दिवशी तिनं डोक्यावरच्या ढेकळाला जोरात धडक दिली.

"सरक की मेल्या!" ती ओरडली. "दिसत नाही, टोमॅटोचं झाड येतंय ते!"