दोन बांधांचे दोन ढीग

उंदरांना घाबरायची सवय लागली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वरच्या बांधावर जास्त ज्वारी जाते, अशी कुरकुर होती. म्हाताऱ्या घुशीने बिळांतले दाणे उपसून बांधागणिक एकेक ढीग लावला, डोकी मोजली आणि जाहीर केलं, "दोन्हीकडे डोक्यामागे सारखेच दाणे. फरक शून्य!"

खालच्या बांधावरच्या चिपडी उंदरिणीची पिल्लं उपाशी होती. तिला संशय आला.

"घूसआजी, बिळाबिळांतला फरक आधी का नाही मोजलात? ढिगात माझं रिकामं बीळ दिसतच नाही."

"तुला काय कळतंय गं? मोजण्यात आमचे दात झिजले."

"खाण्यात झिजले असतील. बरं, सारखंच आहे ना? मग आता डोक्यामागे तेवढेच वाटा."

दोन्ही बांधांवरचे ढेरपोटे म्हातारे आपापले दाणे राखायला झटकन ढिगांवर चढून बसले.

"थांब," घूस म्हणाली, "मोजणीत काहीतरी चूक दिसतेय."