पोळ्याचा पहिला मान

कंपनी सरकारच्या अमदानीत गिरणाकाठी तोताराम पाटील नावाचा एक तालेवार गृहस्थ होता. "आबा असतानाच मी वेगळा झालो, त्यांच्या कर्जाशी माझा संबंध नाही," असं सांगून त्याने वडिलांचं सावकाराकडचं तीनशे रुपयांचं कर्ज धाकट्या झिपरूच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून पाच वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

पोळ्याला गावाचे बैल वेशीतल्या तोरणाखाली जमले. यंदा सर्वांत पुढे झिपरूचा ढवळ्या होता. तेवढ्यात तोताराम आपला बैल घेऊन आला आणि गरजला, "बाजूला करा तो बैल. पहिला मान आबांचा, आणि मी आबांचा थोरला मुलगा."

झिपरू भावाशी बोलायचा नाही. तो ढवळ्याच्या कानाशी वाकला आणि साऱ्या वेशीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ऐकलंस का रे? मान घ्यायला आबा यांचे, कर्ज फेडायला फक्त माझे. त्या सावकाराला विचार बाबा, आम्हाला आबा दोन होते की काय."

ढोल थांबले. गर्दीतला सावकार मिशीत हसला.  तोताराम त्याच्याकडे वळून म्हणाला, "आबांच्या कर्जातले अर्धे माझ्याकडून घ्या."

झिपरूने कासरा ओढला. "मागे हो ढवळ्या," तो म्हणाला, "दादाचा बैल पुढे जाऊ दे."