त्याला म्हणजे कोणाला?

जावयाला विटकरीनं घासलं आणि हत्तीला केशरी भात वाढला, म्हणून माहूत बहिर्जीचा उद्या कडेलोट होणार होता!

तसं करायचा हुकूम मात्र भैरवसेन महाराजांचाच. महाराजांची अक्कल बेताची आणि ऐट आभाळाएवढी! हुकमात पुन्हा नाव लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटे. "आमच्यापुढं सगळे 'तो'च!" असं म्हणत ते मिशीला पीळ देत. त्यांनी लिहिलं होतं:

'जावई आणि हत्ती आज येईल. त्याला तळ्यात बुडवून विटकरीनं घास. त्याला केशरी भात वाढ. तो ओरडला, तर त्याच्या पायात साखळदंड घाल.'

मागं एकदा स्वतःचं डोकं वापरलं, तेव्हा बहिर्जीची पाठ सोलून निघाली होती. उलट विचारायची तर बंदीच! आधी जावई लिहिलाय, म्हणून त्यानं आधी जावई घासला. मग हत्तीला भात दिला. ओरडला जावई, म्हणून साखळदंडही त्यालाच घातला.

बहिर्जीची लेक सगुणा दरबारात आली. बापाशिवाय तिला कोणी नव्हतं.

"महाराज, चूक हुकमात आहे!"

"आमच्या हुकमात? मूर्ख तुम्ही, आणि दोष आम्हाला? आमच्याच तोंडून चूक वदवून दाखव, तर बाप सोडतो!"

दरबारी फिदीफिदी हसले. त्यांना तेवढंच काम होतं.

"मग एक हुकूम मला सांगू द्या. अगदी तुमच्या रीतीनं."

महाराजांनी हात हलवला. सगुणानं चिटणिसाला मजकूर सांगितला, 'महाराज आणि हत्ती भुकेला आहे. त्याला कडबा घाला. त्याला पंचपक्वान्नं वाढा.'

"काही चूक, महाराज?"

"छे! आरशासारखा स्वच्छ! लाव शिक्का!"

हुकूम मुदपाकखान्यात गेला. आचाऱ्यांना विचारायची परवानगी नव्हती, आणि आज इच्छाही नव्हती. दुपारी महाराज पाटावर बसले. समोर कडब्याची पेंढी आली! खिडकीबाहेर हत्ती पुरणपोळ्या चापत होता.

"गाढवांनो!" महाराज किंचाळले. "कडबा हत्तीला! पक्वान्नं मला!"

"असं कुठं लिहिलंय?" दाराशी थांबलेल्या सगुणानं विचारलं.

"लिहायला नको होतं का?"

"कोणी, महाराज?"

"कोणी म्हणजे? हुकूम देणाऱ्यानं!"

बोलून गेल्यावर महाराजांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. शेजारच्या पाटावर बसलेले, विटकरीनं सोललेले जावईबापू पोट धरून हसत सुटले. महाराज आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना!

हसत हसतच त्यांनी हुकूम लिहिला, 'त्याला सोडा. तिला तो द्या.'

सगुणानं तो वाचून परत पुढं केला.

"कोणाला सोडा, महाराज? कोणाला काय द्या?"

महाराज खो खो हसले आणि पुन्हा लिहू लागले, 'माहूत बहिर्जीला सोडा. बहिर्जीची लेक सगुणा हिला भैरवसेनाच्या गळ्यातला मोत्यांचा कंठा द्या.'