चित्रातलं उपाशी पोर

एक होता राजा. पण राजा आज जेवून गाढ झोपलाय, त्याला उठवायचं नाही. आज गोष्ट मैनेची. मल्हार, आधी पाय आवर. कुहूला लाथ बसली तर गोष्ट बंद, सांगून ठेवते.

तर एकदा काय झालं, मैनेच्या आईनं चहाचा पुडा आणला आणि पुड्याबरोबर एक चित्र फुकट मिळालं. चित्रात काय? एक भट्टी, भट्टीपुढे बसलेलं एक पोर, आणि पोरापुढे परातभर मैदा. पोर नानकटाई करायला बसलं होतं. पण सगळं नुसतं रेघांचं, बरं का. रंगाचा ठिपका नाही. मैनेनं रंगखडूंची डबी उघडली, तर आत तीनच तुकडे. लाल, पिवळा आणि तपकिरी. बाकीचे शेळीनं खाल्ले होते. आता शेळीला कोण काय बोलणार?

मैनेनं लाल खडू उचलला. पोराच्या सदऱ्याला लावणार, तोच चित्रातून आवाज आला.

"सदरा राहू दे गं. आधी भट्टी पेटव. छापलं त्या दिवसापासून मी उपाशी आहे."

मैना दचकली. मग तिनं नीट पाहिलं. पोराचं तोंड एवढंसं झालेलं, पोट खपाटीला गेलेलं. तिचा जीव अगदी कळवळला. मग तिनं भट्टीत लाल जाळ काढला. असा रगडून रगडून काढला, की लाल खडू संपला. पण भट्टी मात्र झकास पेटली.

मग पोर म्हणालं, तूप कुठंय? नुसत्या कोरड्या मैद्याची का कुठं नानकटाई होते? खरंच होतं त्याचं. मग मैनेनं पिवळा खडू घेतला आणि तुपाची बरणी काठोकाठ भरली. हात सढळ हो तिचा, तुमच्या आजोबांसारखा. तिथं पिवळाही संपला. पोरानं तूप-साखर फेसली, मैदा घातला, वेलची घातली आणि ताटात बारा पांढऱ्याशुभ्र नानकटाया मांडल्या. मग ते जाळ सारखा करायला वळलं.

आणि इथंच मैनेनं घोटाळा केला. तिला वाटलं, नानकटाई कशी तपकिरी हवी. घेतला तपकिरी खडू आणि सुटली रंगवत. एक झाली, दोन झाल्या, अकरा झाल्या. बारावीला खडूच उरला नाही. पोरानं मागं वळून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अगं, भाजायचं काम भट्टीचं. तू कच्च्यालाच भाजका रंग दिलास, आता भट्टी त्याचं काय करणार?

काय करणार? कोळसा केला. अकराच्या अकरा काळ्या ठिक्कर. बारावी तेवढी छान खरपूस फुलली, पाठीवर नाजूक भेगा पडल्या, आणि असा वास सुटला, की मैनेच्या तोंडाला पाणी सुटलं. कुहू, तुझ्याही सुटलं ना? गीळ.

मैना रडवेली झाली. म्हणाली, मी तुझं वाटोळं केलं, आता ही एक तरी पटकन खा. पोरानं ताटात हात घातला. आणि ती एकुलती एक नानकटाई चित्राबाहेर तिच्यापुढे धरली.

"पहिली नानकटाई भाजणाऱ्यानं खायची नाही. समोरच्याला द्यायची. भट्टीची रीत आहे."

मैनेनं समजावलं, दटावलं, गळ घातली. पण छे. भुकेनं डोळ्यांत पाणी आलंय, तरी रीत मोडायची नाही. अशी माणसं असतात, बाळांनो. मला त्यांचा राग येतो, आणि कौतुकही वाटतं.

शेवटी मैनेनं नानकटाई घेतली. हातात गरम गरम. सगळी तोंडात टाकली असती तरी तिला कोण विचारणार होतं? पण तिनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि नानकटाईचे दोन तुकडे केले.

"दिलीस ना मला? मग आता ही माझी झाली. आणि तू माझ्या घरचा पाहुणा. पाहुण्याला उपाशी ठेवायचं नाही, ही आमची रीत."

रीतीपुढे रीत ठेवली हो तिनं. मग पोरानं हात पुढे केला. त्यानं अर्धी नानकटाई घेतली. एक घास खाल्ला, गालांवर लाली आली. दुसरा खाल्ला, केस काळेभोर झाले. तिसरा घास पोटात गेला आणि त्याचा सदरा झाला मोरपंखी. मैना बघतच राहिली. असा रंग तिच्या डबीत कधी नव्हताच, शेळीनं खायच्या आधीसुद्धा नव्हता.

मग काय, भट्टी पेटलेली होती, तुपाची बरणी भरलेली होती. पोर रोज नानकटाया भाजतं आणि पोटभर खातं. पहिली तेवढी मैनेला देतं, आणि मैना त्यातली अर्धी त्याला परत देते. असं दोघांचं मजेत चाललंय. आपलंही मजेत चालू दे. नाही मल्हार, आत्ता नानकटाई मिळायची नाही, दात घासून झालेत. चला, मिटा डोळे.