मोहबोडीत शपथ का घेत नाहीत

पाहुण्यांनो, तळ्याच्या पाळीवर, म्हणजे या बांधावर, आलाच आहात तर एक सांभाळा. इथे 'आईची शपथ' म्हणू नका, आणि गळ्याला चिमटा काढून 'देवाशप्पथ' तर नकोच नको. मोहबोडीत शेंबडे पोरही शपथ घेत नाही. सोयरिकीच्या बैठकीत नाही, बांधाच्या भांडणात नाही, दारूच्या गुत्त्यावरसुद्धा नाही. बाहेरगावाहून आलेल्या सुनेच्या तोंडून सवयीने निघालीच, तर सासू तिला या सपाट दगडापाशी आणून बसवते आणि रिबकाबाईची गोष्ट सांगते.

रिबकाबाई मूळची धमतरीकडची. मोठ्या दुष्काळात तिचे आईबाप गेले. मिशनच्या अनाथालयात ती वाढली आणि तिथेच सुईणपण शिकली. पंथाने ती मेनोनाइट. त्या पंथाची माणसे हत्याराला हात लावत नाहीत, शपथ घेत नाहीत आणि प्रभुभोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुतात, एवढे आम्हाला तिच्यामुळेच ठाऊक. विधवा झाल्यावर एक अडलेली बाळंतीण सोडवायला ती इकडे आली आणि इथेच राहिली, असे सांगतात. अंगावर पांढरे लुगडे, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. सकाळी उठली की दारात गुडघे टेकून बराच वेळ प्रार्थना करी. बायका हसायच्या. "बाईचा देव बहिरा दिसते, किती येळ सांगा लागते त्याले!" पण पोटात कळ आली की त्याच बायका तिच्या दाराशी धावत. बघता बघता अर्धे गाव तिच्या हातावर जन्मले.

त्या काळी गावात खरेखोटे करायची एकच रीत होती. माणसाने तळ्यात गुडघाभर उभे राहायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे आणि तळ्याची शपथ घ्यायची. खोटी शपथ घेणाऱ्याचा निर्वंश होतो, असा समज. शपथ घेतली की माणूस सुटला, नाकारली की तो खोटा. पंचांना डोके चालवायची गरजच उरली नव्हती.

सखरू हा तळ्याचा पाणकर, म्हणजे कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचे ते पाहणारा आणि पाळ राखणारा. एका आश्विनात धान ऐन निसवणीत होते, लोंब्या बाहेर पडत होत्या. बाजाराचा दिवस होता, गाव ओस पडलेले. सखरूच्या पायात काटा मोडून पाय भोपळ्यासारखा सुजला होता. तो सकाळीच रिबकाबाईच्या ओट्यावर येऊन पडला. तिने काटा काढला, पू काढला, पाला बांधला आणि दिवसभर त्याला उठू दिले नाही. संध्याकाळी लोक बाजारातून परतले, तर अर्धे तळे रिकामे! पाणी तुडुमाच्या बाजूने वाहून खालच्या गावाच्या शेतांत गेले होते. तुडूम म्हणजे तळ्याचे पाणी सोडायची लाकडी बुचाची वाट. खालचे गाव सखरूच्या सासुरवाडीचे. झाले! सोयऱ्यांसाठी पाणकरानेच तुडूम उघडले, असे लोकांनी ठरवून टाकले. वरून माती लोटून धार थांबवली, पण चिखलात उतरून बूच कोणी पाहिले नाही. वर्षाचे धान डोळ्यांदेखत वाळणार होते, आणि रागावलेल्या माणसाला आधी माणूस हवा असतो.

सखरूची शपथ पंचांनी घेतलीच नाही. पाळ सोडून गेलेल्याला तळे कसले साक्षी, म्हणाले. राहता राहिली रिबकाबाई. तो दिवसभर तिच्यापाशी होता हे ठाऊक असलेली एकटी तीच.

ती पाळीवर उभी राहून म्हणाली, "सखरू दिवसभर माझ्या ओट्यावर होता. तो उठलाही नाही."

"मंग उतर पाण्यात, उचल ओंजळ," पाटील म्हणाले.

"ते माझ्याच्यानं होणार नाही, पाटील. मी सांगितलं ते खरं आहे. शपथेनंच खरं होत असेल, तर आजवर तुमच्याशी बोलले ते सगळं खोटं ठरेल."

सखरूची बायको भागरता नऊ महिन्यांची गरोदर होती. पोटातले मूल आडवे होते. रोज तेल लावून रिबकाबाई ते हळूहळू वळवत होती, आणि बाळंत होईतो माझ्या नजरेआड जाऊ नकोस, असे तिने बजावले होते. ती भागरता तेवढे पोट घेऊन तिच्या पायांशी बसली. "बाई, एक ओंजळ पानी तं आहे. उचल ना वो. खोटं थोडीच बोलाचं हाय."

रिबकाबाईचे ओठ हलले, म्हणे. एक पाऊल ती पाण्याकडे सरकलीही होती. मग पदराने डोळे झाकून ती तिथेच उभी राहिली.

पंचांनी सखरूला वर्षभर गावबंदी केली. दुसऱ्या दिवशी उन्हे वर यायच्या आत तो लंगडत, बायकोला घेऊन निघाला. रिबकाबाई आपले बोचके काखेत मारून मागोमाग गेली. सखरूने वळून मातीचे ढेकूळ उचलले. "मांगं ये नोको. तुह्या हातचं पानी बी आमाले नोको." ती थांबली. ते चालू लागले की ती चालायची, ते बसले की हाकेच्या अंतरावर बसायची. असे दोन दिवस. सखरूच्या पायाने एका नातलगाच्या गावाची तीन कोसांची वाट संपता संपत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोहाच्या झाडाखाली भागरतेला कळा सुरू झाल्या. रिबकाबाई दुरून ओरडून सांगत राहिली, तिला कुशीवर घे, पाठीला आधार दे. सखरूने ऐकून न ऐकल्यासारखे केले. उन्हे कलली तेव्हा तोच "बाई! बाई वो!" करत धावत आला. ती म्हातारी पदर सावरायचे विसरून पळाली. मुलगी हाती आली, जिवंत. भागरता गेली.

वैशाखात तळे आटले आणि लोक गाळ काढायला उतरले. तुडुमाचे बूच जिथल्या तिथे घट्ट बसलेले होते. त्याच्या शेजारी खेकड्याचे बीळ होते, पाण्याने खात खात मांडीएवढे रुंद केलेले. कुदळी तिथेच टाकून सगळे वर येऊन बसले. 

पाटील स्वतः जाऊन सखरूला घेऊन आले. पंच उरल्यासुरल्या पाण्यात उतरले. "असा अन्याय पुन्हा होनार नाही," म्हणून त्यांनी शपथेसाठी ओंजळी भरल्या. सखरूने पाटलांच्या हातावर हात मारून पाणी सांडले. "याच ओंजळीपायी माही बायको गेली. आता कोनी उचलाची नाही." त्या दिवसापासून मोहबोडीत शपथ बंद झाली.

मग रिबकाबाई लोटाभर पाणी घेऊन पुढे आली. तिने सखरूला या दगडावर बसवले आणि त्याचे पाय धुतले, पदराने पुसले. क्षमा करण्याची आणि मागण्याची तिच्या पंथाची ती रीत होती. सखरूने पाय मागे घेतले नाहीत, पण तो एक शब्द बोलला नाही. पुढच्या आश्विनात, तळे रिकामे झाले होते त्या तिथीला, ती पुन्हा आली. तो दगडावर येऊन बसला, तिने पाय धुतले, तो उठून गेला. असे अकरा वर्षे चालले. भागरतेची मुलगी रिबकाबाईच्याच ओट्यावर खेळून मोठी झाली, तरी मुलीचा बाप रिबकाबाईशी बोलत नव्हता.

बाराव्या वर्षी ती आली नाही. तिने अंथरूण धरले होते. सखरू दगडावर बराच वेळ वाट पाहत बसला, मग लोटा भरून तिच्या घरी गेला. खाटेशी बसून तिचे पाय त्याने मांडीवर घेतले. सुकून पार काड्या झाले होते.

ती म्हणाली, "सखरू, एक विचारते. मी ओंजळ उचलली असती, तर भागरता वाचली असती का?"

घरात बायका होत्या. त्या डोळ्यांनी त्याला खुणावत होत्या, नाही म्हण रे बाबा, जाणारीला सुखाने जाऊ दे. सखरूने आधी तिचे दोन्ही पाय ओले केले, मगच मान वर केली. उभ्या आयुष्यात जी खोटे बोलली नव्हती, तिच्याशी खोटे कसे बोलायचे?

"वाचली असती, बाई," तो म्हणाला. "आन मी तुले वेळेवर बोलावलं असतं, तरी वाचली असती."

रिबकाबाईने डोळे मिटले. गालांवरून पाणी वाहत होते, पण तिने होकारार्थी मान हलवली. सखरू तिचे पाय धूत राहिला. पाणी संपले तरी तो हात फिरवतच होता, असे सांगतात.

आजही आश्विनात पहिले पाणी सोडण्याआधी पाणकर या दगडापाशी लोटा घेऊन येतो. वर्षभरात ज्याचे पाणकराशी बिनसले असेल, त्याला दगडावर बसवून त्याचे पाय धुतो. धुऊन घेणाऱ्याला एकच प्रश्न विचारायची मुभा असते आणि पाणकराने त्याचे खरे उत्तर द्यायचे असते. कधी कधी उत्तर यायला फार वेळ लागतो. धान वाळत असले तरी गाव पाळीवर थांबून राहते, आणि तोवर तुडूम कोणी उघडत नाही.