महाराजांच्या गळ्यातली बाग

ही फार फार जुनी गोष्ट बरं का! तुमच्या पणजोबांनाही ती जुनीच वाटायची.

एका राजाला हारांचं भलतंच वेड होतं. आपण हार घालून घेतो, हात जोडतो आणि लगेच उतरवून ठेवतो. हा पठ्ठ्या उतरवायचाच नाही! संध्याकाळी फुलांनी माना टाकल्या की आदळआपट करायचा.

एक दिवस त्याने येसू माळणीला बोलावलं. "आम्हाला न सुकणारा हार हवा. सुकला, तर तू राज्याबाहेर!"

येसू जाणार कुठे? तिची बाग, विहीर, घरदार सगळं इथलंच. विहिरीच्या काठावर बसून ती पोटभर रडली. मग तिने स्वतःलाच दटावलं, "रडतेस काय, बये? तोडलेलं फूल सुकतं. मग तोडूच नकोस की!"

तिने काथ्याची लांबलचक पिशवी विणली. आत माती आणि शेणखत भरलं. त्यात पुदिना, ओवा, सदाफुली मुळांसकट लावली आणि तो हार राजाच्या गळ्यात घातला.

"वा, वा!" राजा वाकून म्हणाला. वाकणं भागच होतं, हार चांगलाच जड होता.

"महाराज, याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल. उन्हातही उभं राहावं लागेल."

"राहू की! त्यात काय?"

झालं! येसू रोज झारी घेऊन दरबारात हजर. गार पाणी महाराजांच्या पोटावरून ओघळायचं. प्रधानजी नाक दाबून मसलत करायचे. आचारी चटणीसाठी पुदिना खुडून न्यायचा. तरी पुदिना असा माजला, की दाढी कुठली आणि पाला कुठला, कळेना.

आणि एकदा भरल्या दरबारात राणीसाहेबांची लाडकी शेळी सिंहासनावर चढली. तिने आधी ओवा खाल्ला, मग दाढीला तोंड लावलं. दरबार खो-खो हसू लागला.

"अगं येसू, उतरव हा हार!"

येसूने हात जोडले. "उतरवला आणि सुकला, तर मी राज्याबाहेर. महाराज, आधी माझ्या डोक्यावरचा हुकूम उतरवा, मग मी गळ्यातला हार उतरवते."

"उतरवला! कायमचा उतरवला!" राजा किंचाळला, कारण शेळी आता मिशीपर्यंत पोचली होती.

येसूने हार काढून वाड्याच्या दारावर टांगला. तिथे तो मजेत वाढला. राजा मात्र त्या दिवसापासून एवढ्या घाईने हार उतरवू लागला, की घालणाऱ्याचे हात त्यातच अडकायचे!

तेव्हा मंडळी, मान मिळाला तर आनंदाने घ्यावा, आणि वेळेवर उतरवून ठेवावा.