महाराजांचा हात आणि बकूचा लाडू

तीन वर्षांची बकू अजून एक अक्षर बोलत नव्हती, आणि त्या काळजीनं गिरजेच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आपण पोरीशी कमी बोललो का? की इतकं बोललो, की तिला तोंड घालायला जागाच उरली नाही? दोन्ही खरं वाटायचं.

त्यात दरबारातून नवीन खूळ निघालं. दर पौर्णिमेला दिवाणजी निवडक मुलं महाराजांपुढे आणायचे, महाराज त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पुढे ती सगळी मुलं हुशार निघायची. झालं! हा आपल्या हाताचाच गुण, असं महाराजांनी ठरवलं. मग पंतोजी कशाला पोसायचे? शाळा बंद!

गिरजा त्याच शाळेत शिकलेली. उद्या बकू बोलायला लागली, तर तिला घालायचं कुठे?

पण महाराजांना आधी शास्त्राचा शिक्का हवा होता. त्यांनी विश्वंभरशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवा राज्यातले सर्वांत मोठे अर्थपंडित. माणसं कशानं सुधारतात, याचा सारा जन्म अभ्यास केलेला. त्यांच्या प्रत्येक ग्रंथाच्या शेवटी एकच वाक्य असे : 'याचा अधिक अभ्यास व्हायला हवा.' ग्रंथांच्या नकला गिरजा करायची, त्यामुळे ते तिला तोंडपाठ होतं.

"उद्या पौर्णिमा. दरबारात येऊन सांगा, हाताचा गुण आहे की नाही," महाराज म्हणाले. "पुराव्यावाचून 'हो' म्हणालात तर ती खुशामत, 'नाही' म्हणालात तर अपमान. दोन्हीला हद्दपारी."

शास्त्रीबुवा घरी आले आणि नकला करत बसलेल्या गिरजेसमोर डोकं धरून बसले. "गिरजे, दिवाणजी मुळात हुशार मुलंच वेचून नेतो गं! पण हे महाराजांना सांगू कसं?"

"तुम्ही सांगूच नका. मी बकूला नेते. तिला कुणी वेचणार नाही."

म्हणाली खरी, पण वाटेत तिला स्वतःचंच नवल वाटलं. पोरीनं बोलावं म्हणून केवढे नवस केले, आणि आज ती गप्प राहावी म्हणून देव पाण्यात! कसली आई मी?

"ही मुकी पोर?" दिवाणजींनी तिला दारातच अडवलं. "चालायची नाही."

"का हो दिवाणजी, महाराजांच्या हातावर भरवसा नाही?"

दिवाणजी बाजूला झाले.

महाराजांनी बकूच्या डोक्यावर हात ठेवला. बकूची नजर शेजारच्या लाडवांच्या तबकावर. महाराजांनी हात बदलला, डोळे मिटले, ओठांत काहीतरी पुटपुटले. बकू गप्प. शेवटी हाताला रग लागली, तसा त्यांनी तो उचलला.

"लाडू," बकू म्हणाली.

गिरजेला रडू फुटलं. पण रडायला सवड कुठली!

"बोलली!" महाराज उठून उभे राहिले. "बघितलंत शास्त्रीबुवा, हाताचा गुण?"

"गुण खराच, महाराज," गिरजेनं डोळे पुसले. "पण हात होता तोवर पोर गप्प होती. तो उचलल्यावर बोलली. मग शास्त्रीबुवांनी नव्या ग्रंथात काय लिहावं? महाराजांनी हात काढून घेतला, की मुलं शहाणी होतात?"

शास्त्रीबुवांनी हळूच घसा साफ केला.

"याचा अधिक अभ्यास व्हायला हवा."

महाराज आधी गोरेमोरे झाले, मग जे हसत सुटले ते पागोटं तिरकं होईपर्यंत. "होऊ द्या अभ्यास! अभ्यासाला मुलं लागणार, म्हणजे शाळाही लागणार. चालू ठेवा!" त्यांनी गिरजेला जरीचा शेला दिला, बकूला सोन्याची कडी दिली, लाडू दिला, आणि कौतुकानं तिच्या डोक्याकडे हात नेला.

बकू लाडू छातीशी धरून मागे सरकली.

"हात नको," ती म्हणाली. "अजून एक लाडू."